पाण्यात न दुखणारा पाय

धनीरामच्या डाव्या पायाबद्दल आमच्या गावात प्रत्येकाचं एक मत होतं, आणि ती सगळी मतं मी ऐकलेली आहेत, कारण गावातली पिठाची चक्की माझी. दळण टाकून माणूस उभा राहतो, हाताला काम नसतं, मग तोंड चालू होतं. चक्कीच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे आमच्या गावातली गुपितंसुद्धा ओरडून सांगितलेली असतात. मलाही लोक ‘लीलाबाई’ अशी हाक मारतात ती दोन गल्ल्या पलीकडं ऐकू जाते.

आमचं गाव वरठीपासून सायकलीच्या वाटेवर. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जुना मालगुजारी तलाव. त्यातले मासे धरायचा हक्क ढिवरांच्या, म्हणजे आमच्याकडच्या कोळ्यांच्या, संस्थेकडं. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा धनीराम तिशीच्या आतबाहेर होता. मी सांगतेय ती गोष्ट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, तो पन्नाशीला टेकला तेव्हाची. उंचीनं बेताचा, छातीनं रुंद आणि बोलायला इतका सावकाश, की त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत माझं अर्धं दळण उतरायचं.

दर उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की मोठ्या जाळ्याचा दिवस येतो. जाळं या काठापासून त्या काठापर्यंत लावतात आणि सगळे ढिवर मिळून ते ओढत आणतात. बघणाऱ्याला हे काम हातांचं वाटतं. खरं काम पायांचं. जाळ्याची खालची दोरी चिखलाला चिकटून सरकली पाहिजे, नाहीतर मासा खालून निसटतो. म्हणून पाण्यात उभं राहून पायाच्या पंजानं ती दोरी दाबत दाबत पुढं जायचं. सगळ्यात अवघड तुडमाची बाजू. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेताला सोडायचं दगडी तोंड. तिथं तलाव सर्वांत खोल, पाणी गळ्याला लागतं, आणि मोठे कतले मासे नेमके तिकडंच पळतात.

ती तुडमाची बाजू धनीरामच्या घराकडं त्याच्या आजापासून होती. रिवाज असा, की मोठ्या जाळ्याच्या दिवशी त्या घरचं माणूस तिथं उभं नसलं, तर जो कोणी उभा राहील त्याच्या घरची ती बाजू होते, आणि मग ती परत मागता येत नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण कोर्टाच्या निकालापेक्षा कडक आहे. धनीरामला शेत नव्हतं, मुलगा नव्हता. एक मुलगी, खुशबू, ती लग्न होऊन बपेऱ्याला गेलेली. तुडमाची बाजू एवढंच काय ते त्याचं गावातलं नाव होतं.

आता पाय. संध्याकाळ झाली की डावा पाय घोट्यापासून फुगायचा. पोटरीवर निळ्या शिरा गुंतलेल्या दोरीसारख्या वर आलेल्या. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट तपकिरी झालेली, तिथं खाज. झोपेत पोटरीत गोळे यायचे. सकाळी उठला की पाय जवळजवळ सरळ, आणि दिवे लागायच्या वेळी पुन्हा तेच. या सगळ्याहून विचित्र गोष्ट तो स्वतःच सांगायचा.

“पाण्यात दुखत नाही जी,” तो म्हणायचा. “पाण्यात उतरलो का पाय नसल्यावानी हलका होते. बाहेर निंगलो का झालं सुरू.”

यावर कोणाचा विश्वास बसायचा नाही. आमच्याकडं पाय सुजला की पहिलं नाव हत्तीपायाचं. दरवर्षी गोळ्या वाटणारे येतात, समोर उभं राहून गिळायला लावतात. धनीरामनं त्या दरवर्षी गिळल्या. त्याचं रक्तही तपासलं, त्यात हत्तीपायाचं काही सापडलं नाही. रक्ताला कळत नसेल, असं गावानं ठरवलं. कोणी म्हणे जळू चावून तिचं तोंड आत राहिलंय. कोणी म्हणे पाण्याचा गारवा हाडात चढलाय. माझं मत विचाराल तर ते दर आठवड्याला बदलायचं, कारण शेवटचं दळण ज्याचं असेल त्याचं मला पटायचं.

मत बदललं नाही ते एकट्या शकुनचं. शकुन म्हणजे धनीरामची बायको. सकाळी डोक्यावर मासळीची टोपली घेऊन वरठीच्या बाजारात जायची, दिवसभर उभ्यानं विकायची आणि संध्याकाळी परत येताना माझ्याकडं टेकायची. टेकायची म्हणजे कशी, तर दळणाच्या पोत्यावर बसून दोन्ही पाय सरळ चक्कीच्या ओट्यावर टाकायची. माझं डोकं फिरायचं.

“अवं, पीठ पडते तिथं! पाय खाली घे न राणी!”

“राहू दे वो बाई, थोडी वेळ,” ती हसायची आणि लुगडं घोट्यापर्यंत ओढून घ्यायची. पाय काही खाली घ्यायची नाही.

अशीच एकदा बसलेली असताना तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला. “पाणीच खाऊन राहिलं त्याचा पाय. आन तो म्हणते, पाण्यात बरं वाटते. दारू पेणाऱ्यालेबी दारूतच बरं वाटते!”

चक्कीवर जमलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. इतकं स्वच्छ उत्तर त्या पायाबद्दल आजवर कोणी दिलं नव्हतं. शकुननं मग जावयामागं लकडा लावला आणि जावयानं ओळखीतून धनीरामला वरठीकडच्या एका गोदामाच्या फाटकावर राखणदार म्हणून लावून दिलं. कोरडी जागा, पायात बूट, पाण्याचा थेंब नाही. खुर्चीसुद्धा होती. पण ट्रक आला की उठायचं, आणि धनीराम असा माणूस, की एकदा उठला की दुसरा ट्रक येईपर्यंत तसाच उभा राहायचा. बसून पगार घेणं त्याला चोरीसारखं वाटायचं.

पावसाळ्याच्या तोंडी तो फाटकावर लागला. दिवाळीपर्यंत पाय दुप्पट झाला. संध्याकाळी बूट निघेना. एकदा तर शकुननं आणि मी दोन्हीकडून ओढून काढला. घोट्याजवळ जिथं खाज होती तिथं कातडी फुटली. आधी चिंचोक्याएवढी जखम होती, ती बोराएवढी झाली. दुखायची कमी, पण सारखी पाझरायची.

“निंगू द्या,” शकुन म्हणाली. “इतक्या वर्षांचं पाणी हाय आतमंदी, ते निंगून राहिलं.”

धनीराम पायाकडं बघत राहिला. “म्या पाणी सोडलं,” तो त्याच्या चालीनं म्हणाला, “आन पायातून पाणी सुरू झालं. लीलाबाई, हे समजायचं तरी कसं?”

मला काय कळणार होतं? मी म्हटलं, मला भंडाऱ्याला चक्कीचा पट्टा घ्यायला जायचंच आहे, चल माझ्यासोबत, डॉक्टरला दाखवू. शकुनला बाजार चुकवता येत नव्हता, म्हणून मीच गेले.

डॉक्टरीण बाई तरुण होती, पण घाईची नव्हती. तिनं पहिला प्रश्न विचारला तो आमच्या गावात कोणीच विचारला नव्हता. “सकाळी उठल्यावर पाय कसा असतो?”

“चांगला असते जी.”

“आणि संध्याकाळी?”

“मंग काही खरं नाही.”

तिनं त्याला उभं केलं, शिरा बघितल्या, नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलल्यावर तिथं खळगा तसाच राहिला. पावलाची नाडी बघितली. मग दुसऱ्या खोलीत नेऊन पायाची सोनोग्राफी केली. पोटुशी बाई सोडून कोणाची सोनोग्राफी होते हे मला तेव्हाच कळलं. परत आल्यावर ती सांगायला बसली.

“पायातलं रक्त वर हृदयाकडं चढवायचं असतं, ते अवघड काम. आपण चालतो तेव्हा पोटरी पिळली जाते आणि रक्त वर ढकललं जातं. ते परत खाली पडू नये म्हणून शिरांमध्ये बारीक बारीक दारं असतात. वर जाताना उघडतात, नंतर मिटतात. तुमची ही दारं ढिली झालीत. रक्त वर चढतं आणि पुन्हा खाली घसरतं, पायात साचून राहतं. वर्षानुवर्षं साचलं की सूज, काळी कातडी आणि शेवटी अशी जखम.”

“हत्तीपाय?” मी विचारलं.

“नाही.”

“जळू?”

“नाही हो.”

“मंग पाणी?”

ती औषध लिहीत होती. “जखम भरेपर्यंत तलावाच्या पाण्यात उतरायचं नाही. अजिबात नाही.”

झालं. शेवटी पाणीच निघालं, असं मी मनाशी म्हटलं आणि माझ्यापुरता विषय मिटला. पण धनीरामचा चेहरा उजळला होता. तो म्हणाला, “बाई, हे तं आमच्या सापळ्याचं तोंड झालं.” आणि त्यानं हातांनी दाखवलं. बांबूच्या कामट्यांचा सापळा असतो, त्याच्या तोंडाशी आत वळवलेल्या कामट्या असतात. मासा आत शिरताना त्या बाजूला होतात आणि बाहेर यायला गेला की आडव्या येतात. कामट्या ढिल्या झाल्या की मासा परत फिरतो.

“अगदी तसंच,” डॉक्टरीण बाई हसून म्हणाली. मग तिनं लवचिक पट्टी कशी बांधायची ते दाखवलं: बोटांपासून सुरू करून गुडघ्याच्या खालपर्यंत, पावलाशी घट्ट आणि वर जाताना सैल. रोज चालायचं. एका जागी उभं राहायचं नाही. दिवसातून काही वेळा आडवं पडून पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा. जखम भरली की घट्ट मोजा मिळेल, आणि पुढं ती ढिली शीर बंद करायचाही उपाय आहे. हे दुखणं सर्दीसारखं जाणारं नाही, सांभाळावं लागेल, असंही तिनं सांगितलं.

परत येताना एसटीत धनीराम मला सापळा समजावत होता. मला शीर, सापळा, कामट्या आणि मासा यांतलं कोण कुठं जातंय ते वरठीचा फाटा आला तरी कळलं नव्हतं. पण त्याला कळलंय ना, मग झालं, असं म्हणून मी पट्टा कुशीत धरून डुलकी काढली.

त्याला कळलं होतं, आणि तिथंच घोटाळा झाला.

फाटकाची नोकरी त्यानं सोडली. पट्टी रोज बांधू लागला. आणि पट्टीवरून, गुडघ्याच्या खाली, जाळं विणायच्या नायलॉनच्या दोरीचे वेढे घालून तो करकचून गाठ मारू लागला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, “सापळ्याचं तोंड ढिलं झालं का आपण काय करतो? दोरीनं कसून बांधतो. रक्त वरून खाली घसरते म्हणते न बाई? मंग म्या वरचं तोंडच बांधून टाकलं. आता कसं येते खाली?”

ऐकायला ते इतकं बरोबर होतं, की शकुननं स्वतः दोरीचं एक टोक धरून ओढलं. ढिवराच्या घरची गाठ ती. मगरीलासुद्धा सुटली नसती.

पाय उंच ठेवायचं मात्र त्याला जमेना. आमच्याकडं ओसरीवर कोणी ना कोणी येतंच, आणि आलेल्या माणसाकडं पाय करून पडणं म्हणजे त्याला तंगडी दाखवणं. धनीराम उशीवर पाय ठेवायचा आणि अंगणात चप्पल वाजली की खाली घ्यायचा. संस्थेचे अध्यक्ष भय्याजी आले तेव्हा तर तो उठून उभाच राहिला आणि ते जाईपर्यंत उभा होता.

भय्याजी वाईट माणूस नव्हे. ते सरळ म्हणाले, “धनीराम, औंदा मोठं जाळं अखजीच्या मांगंपुढं लावू म्हणतो. तुडमाची बाजू नत्थू मांगून राहिला. तुले जमन का नाही, ते सांग. तुझ्या घरचं कोणी उभं नसन तं मले त्याले नाही म्हणता येत नाही.”

“जमन जी,” धनीराम म्हणाला. पण त्या वेळी त्याच्या पायाची बोटं जांभळी पडलेली होती. दोरीच्या खाली पाय वांग्यासारखा तुकतुकीत झाला होता आणि जखम बोराची लिंबाएवढी झाली होती. सांगितलेलं बरंचसं करूनही पाय बिघडत होता. नत्थू म्हणजे संस्थेतला तरणा गडी, त्याच्या हाती बाजू गेली तर ती परत येणार नव्हती. मला धनीरामचा रागही यायचा आणि कीवही यायची, कारण पहिल्यांदाच त्याला आपलं दुखणं समजलं होतं, आणि समजूनही उपयोग होत नव्हता.

दुसऱ्या वेळेला शकुनही सोबत आली. डॉक्टरीण बाईनं लुगड्याच्या चिंधीखाली लपवलेली दोरी पाहिली, कात्री आणली आणि कापली.

“हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“तुमीच जी,” धनीराम म्हणाला. “सापळ्याचं तोंड.”

तिनं कात्री बाजूला ठेवली. मग म्हणाली, “काका, सापळ्याचं तोंड तुम्ही कशासाठी बांधता?”

“मासा बाहेर जाऊ नये म्हणून.”

“आणि आपल्याला पायातलं रक्त बाहेर जायला हवंय की आत राहायला?”

धनीरामनं कापलेली दोरी हातात घेतली. मी तर सरळ छताकडं बघितलं. ती पुढं म्हणाली, “तुमचा पायच सापळा झालाय. रक्त त्यात अडकतंय. ते वर निघून जावं म्हणून आपण सगळं करतोय, आणि निघायची वाटच तुम्ही बांधून टाकलीत. पट्टी खालून वर दाबत न्यायची ती यासाठी.”

“म्हणजे म्याच मासा अडकवला,” तो हळूच म्हणाला.

“चूक माझीही आहे. मी ‘अगदी तसंच’ म्हणून मोकळी झाले.”

मग, इतकी वर्षं जे कोणी ऐकून घेतलं नव्हतं ते त्यानं शेवटचं म्हणून विचारावं तसं विचारलं. “मंग बाई, पाण्यात काहून दुखत नाही?”

शकुननं कपाळावर हात मारला. “अजी, पुन्हा तेच!”

पण डॉक्टरीण बाईनं पेन खाली ठेवलं. “पाण्यात म्हणजे? किती पाण्यात उभे राहता?”

“छातीभर. तुडमाजवळ गळ्याभर.”

“आणि किती वेळ?”

“दिवसच्या दिवस.”

ती खुर्चीत मागं टेकली. “पाणी चारी बाजूंनी दाबतं. जितकं खोल तितका दाब जास्त. म्हणजे पावलाशी सगळ्यात घट्ट, वर येताना सैल.” तिनं टेबलावरची पट्टी उचलून दाखवली. “मी ही पट्टी अशीच बांधायला सांगते. तुमच्या पायाला पाणी ती रोज बांधत होतं, आणि त्यात तुम्ही चालतही होता. म्हणून दुखत नव्हतं. तुम्ही खरं सांगत होता.”

“मंग पाण्यानं बरा झाला असता का?” मी विचारलं. आता माझ्या डोक्याचं पीठ झालं होतं.

“बरा नाही. दारं ढिली ती ढिलीच. बाहेर आल्यावर पुन्हा साचणारच. पण फाटकावर उभं राहून जितकं बिघडलं तितकं बिघडलं नसतं.”

“मंग आता उतरू द्या त्याले!” मी म्हटलं.

“आता उघडी जखम आहे. तलावातली घाण आत गेली तर पायावर बेतेल. जखम भरल्यावर उतरा की.”

म्हणजे पाणी चांगलं, पण आता वाईट, आणि नंतर पुन्हा चांगलं. मी हिशेब सोडून दिला. शकुनकडं बघितलं तर ती पदराचं टोक पिळत होती. पाण्यातून त्याला बाहेर काढणारी ती, फाटकावर उभा करणारी ती, दोरीचं टोक ओढणारी ती. डॉक्टरीण बाई तिला काही बोलली नाही, धनीरामही बोलला नाही, आणि त्यामुळेच शकुनला जास्त लागलं. घरी येईपर्यंत ती रडत होती आणि विचारलं की म्हणत होती, डोळ्यात धूळ गेली.

त्या दिवसापासून शकुन अशी काही कामाला लागली, की मला धनीरामचीच काळजी वाटू लागली. पट्टी तीच बांधायची, खालून वर. तो उभा दिसला की ओरडायची. ओसरीवर खाट टाकून पायथ्याशी विटा लावून तिनं ती उंच केली आणि कोण येतं-जातं याची पर्वा न करता त्याला तिथं पाडून ठेवलं. पुन्हा भय्याजी आले तेव्हा ती दारातूनच म्हणाली, “भय्याजी, त्याचे पाय तुमच्याकडं हायत तं माफ करा. डॉक्टरचं औषध हाय ते.” भय्याजी खाटेच्या डोक्याकडं जाऊन बसले.

जखम भरू लागली. लिंबाची बोर झाली, बोराचा चिंचोका झाला. पण अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली तेव्हा चिंचोका होताच, आणि डॉक्टरीण बाईनं मान हलवली ती नाहीच्या बाजूनं.

मोठ्या जाळ्याच्या सकाळी सगळं गाव पाळीवर जमलं. पाळ म्हणजे तलावाचा बांध. तिथं त्या दिवशी कोणी बसत नाही. नारळ फुटल्यापासून जाळं काठाला लागेपर्यंत सगळे उभे. मी गेले तर पाळीच्या मधोमध धनीरामची खाट. खुशबू आणि जावई बपेऱ्याहून आलेले, त्यांनी ती उचलून आणली होती. धनीराम आडवा, मासळीची टोपली उपडी घालून तिच्यावर पट्टी बांधलेला पाय, आणि तो पाय सगळ्या गावाकडं. शरमेनं त्यानं डोळ्यांवर हात घेतला होता. नत्थू लुंगी खोचून तयार उभा होता.

“चला, तुडमाची बाजू,” भय्याजींनी आवाज दिला. “धनीरामच्या घरचं कोणी हाय का?”

“हाव,” शकुन म्हणाली. तिनं काष्टा मारलेला होता.

पाळीवर एकदम कालवा झाला. झिंगे धरायला बाया पाण्यात जातात, पण मोठ्या जाळ्याला बाईनं पाय लावलेला मी तरी पाहिला नव्हता. नत्थू हसला. “काकी, गळ्याभर पाणी हाय तिथं!”

“माझा गळा तुझ्याएवढाच उंच हाय, नत्थू. माझा बापबी ढिवरच होता.” मग ती भय्याजींकडं वळली. “घरचं माणूस पायजे, एवढंच हाय न? का माणूस म्हणजे बाप्याच, असं काही ठरलं होतं?”

भय्याजींनी डोकं खाजवलं. असं काही ठरलेलं त्यांना आठवेना. “जाय,” ते म्हणाले.

जाळं निघालं. पाण्यावर शकुनचं फक्त डोकं दिसत होतं. धनीरामनं डोळ्यांवरचा हात कधी काढला ते मला कळलं नाही, पण आता तो खाटेवरून ओरडत होता. आयुष्यात इतक्या भरभर बोलताना मी त्याला ऐकलं नव्हतं. “टाच नाही, पंजानं दाब! दगड आला का बाजूनं घे! उचलू नोको, उचलू नोको!” जाळं अर्ध्यावर आलं तेव्हा शकुन एकदा पाण्याखाली गेली. ती वर आली, थुंकली आणि पुन्हा चालू लागली. खालची दोरी तिनं उचलू दिली नाही. जाळं काठाला लागलं तेव्हा तुडमाच्या बाजूनं आलेल्या कतल्यांनी चिखल उडवला आणि भय्याजींनी नत्थूच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “पुढच्या साली बघू.”

शकुन निथळत वर आली. सगळे माशांकडं धावले होते. ती खाटेजवळ जमिनीवर बसली, दम घेतला आणि हळू म्हणाली, “खरंच जी. पाण्यात दुखत नाही.”

“मी तं हेच सांगून राहिलो इतक्या वर्षांपासून,” धनीराम म्हणाला.

“तुमचा नाही.” तिनं ओलं लुगडं घोट्यावरून थोडं वर सरकवलं. “माझा.”

दोन्ही पायांवर निळ्या शिरा होत्या. घोट्याच्या आतली कातडी तशीच काळपट तपकिरी. मला माझ्या चक्कीचा ओटा आठवला, त्यावर रोज संध्याकाळी चढणारे तिचे पाय आठवले, आणि मी आजूबाजूला बघू लागले.

धनीराम काही समजत नसल्यासारखा तिच्या पायांकडं बघत होता. “कवापासून?”

“खुशबू पोटात होती तवापासून.”

“बोलली काहून नाही?”

तिनं लुगडं पुन्हा घोट्यापर्यंत ओढलं. मला वाटतं तिलाही ते माहीत नसावं.

धनीराम खाटेवरून उतरला. आपला पाय टोपलीवरून काढून त्यानं टोपली तिच्यासमोर सरकवली, खाली वाकला, आणि सगळ्या गावासमोर दोन्ही हातांनी बायकोचे पाय धरून त्या टोपलीवर ठेवले. शकुन “अजी, लोक पाहून राहिले” म्हणत ओढून घेऊ लागली, तर त्यानं सोडले नाहीत.